पोटरीवरच्या निळ्या शिरा : गरोदर भगिनींचे प्रश्न

बेळगाव शहर, खानापूर, निपाणी आणि चिकोडी भागातून गरोदरपणातल्या फुगलेल्या शिरांबद्दल (व्हेरिकोज व्हेन्स) आलेली पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. तपासणीत वजन, रक्तदाब, बाळाचे ठोके पाहून झाले की नंबर संपतो आणि साडीखालचे पाय बघायचे राहून जातात. पुढच्या खेपेला तुम्ही स्वतःच पाय दाखवा, दोन्ही, गुडघ्याच्या वरपर्यंत.

प्रश्न : मी वडगावला यंत्रमागावर काम करते. दुसऱ्यांदा दिवस गेलेत, पाचवा महिना आहे. डाव्या पोटरीवर दोरीसारख्या निळ्या शिरा उठल्यात, संध्याकाळी पाय शिशासारखे जड होतात. पहिल्या वेळी एवढं नव्हतं. बाळाला काही धोका आहे का? काम सोडावं लागेल का?

उत्तर : या शिरांमुळे बाळाला धोका नाही. बाळाचं पोषण वारेतून होतं, त्याचा तुमच्या पोटरीवरच्या शिरांशी संबंध येत नाही.

त्या फुगतात याला तीन कारणं आहेत. गरोदरपणात अंगातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे शिरांच्या भिंती सैल पडतात, म्हणून काहींना पोट दिसायच्या आधीच, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात शिरा दिसू लागतात. पुढे गर्भाशय वाढलं की पोटातल्या मोठ्या नीलेवर दाब येतो आणि पायातलं रक्त वर चढायला अडखळतं. शिरेच्या आत रक्त खाली परतू नये म्हणून झडपा असतात. शीर ताणली की झडपेच्या पाकळ्या एकमेकींना भिडत नाहीत, रक्त खाली साचतं आणि शीर आणखी ताणते. डाव्या पायाला त्रास जास्त होतो, कारण त्या पायाकडून येणारी मोठी नीला ओटीपोटात उजव्या बाजूच्या रोहिणीखालून जाते आणि तिथे आधीच थोडी दबलेली असते. पहिल्या खेपेला सैल झालेल्या झडपा पूर्ण सावरत नाहीत, म्हणून दुसऱ्या खेपेला शिरा लवकर आणि जास्त दिसतात. आईला किंवा मावशीला हा त्रास असेल तर तुम्हाला होण्याची शक्यता वाढते.

काम लगेच सोडायची गरज नाही, पण एका जागी खिळून उभं राहणं बंद करायला हवं. पायातलं रक्त वर ढकलायचं काम पोटरीचे स्नायू करतात आणि ते चालताना करतात. नुसतं उभं राहिलं की रक्त खालीच थांबतं. म्हणून दर अर्ध्या तासाने माग किंवा भिंत धरून टाचा वर-खाली करा, १५ ते २० वेळा. पायाशी सहा इंच उंचीची पाटली ठेवा आणि आलटून-पालटून एकेक पाय तिच्यावर टेका. तासाला पाच-दहा मिनिटं बसायला मिळेल असं मालकाशी बोलून ठरवा. शक्य असेल तर उभ्याचं काम सोडून कांड्या भरण्याचं बसकं काम मागून घ्या, पण त्यातही तासाला एकदा उठून चार पावलं टाका. फरशीवर अनवाणी उभं राहू नका. रबरी चटई किंवा चार पदरी गोणपाट पायाखाली असू द्या.

घरी आल्यावर १५ ते २० मिनिटं पाय छातीपेक्षा उंच ठेवून पडा. दिवसातून असं तीन वेळा जमलं तर उत्तम. खुर्चीत बसून पाय स्टुलावर ठेवल्याने आराम वाटतो, पण पाय हृदयाच्या खालीच राहतात, त्याने शीर रिकामी होत नाही. पाचव्या महिन्यानंतर उताणं पडू नका, डाव्या कुशीवर वळा आणि पायांखाली दोन उशा घ्या. पोटातली मोठी नीला मणक्याच्या उजव्या बाजूला असते, डाव्या कुशीवर तिच्यावरचा भार कमी होतो. पलंगाच्या पायथ्याच्या दोन्ही पायांखाली एकेक वीट ठेवली तर रात्रभर पाय आपोआप वर राहतात. मात्र छातीत जळजळ होत असेल तर विटा काढा, उशांवरच भागवा.

प्रश्न : खानापूर तालुक्यात शिक्षिका आहे. डॉक्टरांनी दाबाचे मोजे (कॉम्प्रेशन स्टॉकिंग्ज) सांगितले. आणले, पण दुपारपर्यंत गुंडाळून खाली येतात, गुडघ्याखाली वळ उठतो आणि उकाड्यात नको होतात. मग ते घालून उपयोग काय?

उत्तर : मोज्यांबद्दलच्या बहुतेक तक्रारी चुकीच्या मापातून येतात. दुकानदार चपलेचा नंबर विचारून किंवा नुसतं बघून ‘मीडियम’ देत असेल तर घेऊ नका.

माप सकाळी, अंथरुणातून उठल्या-उठल्या, सूज यायच्या आधी घ्यायचं. शिवणकामाचा टेप चालतो. पहिलं माप घोट्याच्या हाडाच्या जरा वर, पाय सर्वांत बारीक असतो तिथलं. दुसरं पोटरीच्या सर्वांत जाड भागाचं. तिसरं लांबीचं, जमिनीपासून गुडघ्याच्या घडीखाली दोन बोटांपर्यंत. शिरा मांडीवरही असतील तर मांडीच्या सर्वांत जाड भागाचा घेर आणि जांघेपर्यंतची लांबीही लागते. दोन्ही पायांची मापं वेगवेगळी लिहा, ती सारखी असतीलच असं नाही. ही चिठ्ठी घेऊन शस्त्रक्रियेचं सामान विकणाऱ्या दुकानात जा आणि पाकिटावरच्या तक्त्याशी ताडून पाहा. पाय दोन मापांच्या मध्ये पडत असेल तर घोट्याचं माप प्रमाण माना, कारण सर्वांत जास्त दाब तिथेच हवा असतो आणि वर तो कमी कमी होत जातो.

दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये लिहिलेला असतो. पहिल्या वर्गाचा मोजा साधारण १८ ते २१, दुसऱ्याचा २३ ते ३२. नुसता जडपणा आणि थोड्या शिरा असतील तर बहुधा पहिला वर्ग पुरतो. शिरा ठळक असतील, सूज येत असेल तर डॉक्टर दुसरा लिहून देतात. तुमच्या चिठ्ठीवर वर्ग लिहिलेला नसेल तर विचारून घ्या. पायाच्या रोहिण्यांचा आजार असेल किंवा मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल तर मोजे स्वतःच्या मनाने घालूच नयेत.

आता घालण्याची रीत. पलंगावरून पाय खाली सोडण्याआधी घाला, तेव्हा शिरा रिकाम्या असतात. तासभर घरकाम करून मग घातले तर आत आधीच रक्त साचलेलं असतं, मोजा चढता चढत नाही आणि नखं लागून फाटतो. पाय कोरडा हवा. तेल किंवा मलम रात्री लावा. ओलावा असेल तर थोडी पावडर टाका. मोज्यात हात घालून टाच पकडा, तिथपर्यंत मोजा उलटा करा, पाऊल आत सरकवा, टाच बरोबर टाचेवर बसवा आणि मग उरलेला भाग थोडा थोडा करत वर सोडा. वरची कड धरून ओढू नका. हातात भांडी घासायचे रबरी हातमोजे असतील तर कापडावर पकड बसते आणि सुरकुत्या सारख्या करता येतात. सातव्या महिन्यानंतर वाकता येत नाही, तेव्हा घरातल्या कुणाला तरी ही रीत शिकवून ठेवा.

तुमचा वळ कशाने उठतो? मोजा लांब पडतो, मग कड दुमडली जाते. दुमडलेल्या कडेखाली दाब दुप्पट होतो आणि शीर तिथेच आवळली जाते, म्हणजे मोज्याच्या उद्देशाच्या अगदी उलट. कड कधीही दुमडू नका, लांबी बदलून घ्या. मोजा पोटरीवर सैल होऊन घसरत असेल तर माप मोठं आहे. बोटं निळी पडली, बधिर झाली, मुंग्या आल्या तर लगेच काढा.

उकाड्यावर पूर्ण इलाज नाही. पण बोटं उघडी राहणारे गुडघ्यापर्यंतचे मोजे एप्रिल-मेमध्ये बरेच सुसह्य होतात, आणि गरोदरपणात पुष्कळ जणींना तेवढी उंची पुरते. दुपारी घरी असाल तेव्हा मोजे काढून पाय वर घेऊन पडलात तरी चालेल. रात्री काढायचेच. दोन जोड ठेवा, रोज कोमट पाण्यात साध्या साबणाने धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा. ऊन आणि ब्लीच यांनी त्यातलं रबर मरतं. रोज वापरलेला जोड सहा महिन्यांत ढिला होतो, म्हणून पहिल्या बाळंतपणातला कपाटातला जोड या वेळी चालणार नाही.

मोजे परवडत नसतील तर १० सेंटिमीटर रुंदीची क्रेप पट्टी चालते. बोटांच्या मुळाशी सुरुवात करा, टाच झाकून घ्या, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याच्या अर्ध्यावर येऊ द्या आणि गुडघ्याखाली दोन बोटांवर थांबा. पाऊल-घोट्याला घट्ट, वर जाताना सैल. टाच उघडी सोडून वर घट्ट बांधलं तर पाऊल सुजतं. पट्टी दुपारपर्यंत ढिली होते, ती सोडून पुन्हा बांधावी लागते.

प्रश्न : निपाणीत घरी बसून विड्या वळते. सहावा महिना. मांडी घालून सूप मांडीवर घेऊन बसावं लागतं. उठताना पाय बधिर होतात.

उत्तर : मांडी घातली की गुडघा आणि जांघ दोन्हीकडे शिरा मुडपतात, वरून पोटाचा भार येतो. भिंतीला पाठ टेकून पाय लांब करून बसा आणि सूप बुटक्या पाटावर ठेवा. खुर्ची-टेबल मिळालं तर आणखी बरं, फक्त खुर्चीची कड मांडीखाली रुतू देऊ नका. दर अर्ध्या तासाने पावलं वर-खाली ३० वेळा करा, घोटे दोन्ही दिशांनी १० वेळा फिरवा. तासाला एकदा उठून अंगणापर्यंत जाऊन या.

पण ताई, शिरांपेक्षा मोठी काळजी तंबाखूची आहे. विडी न ओढताही तिचं निकोटिन ओलसर हातांच्या कातडीतून आणि धुळीतून अंगात जातं, बाळापर्यंत पोहोचतं. गरोदरपणात हे काम थांबवता आलं तर थांबवाच. नाहीच जमलं तर मोकळ्या हवेत बसा, नाकावर ओढणी बांधा, जेवणाआधी हात साबणाने धुवा आणि निजायच्या खोलीत तंबाखू ठेवू नका.

प्रश्न : सुनेच्या पायाच्या शिरा फुगल्यात. रोज तेल लावून चोळून द्यावं, गरम पाण्यात पाय बुडवावेत असं वाटतं. आमच्या वेळी हेच करायचे.

उत्तर : तेल लावा, चोळू मात्र नका. फुगलेल्या शिरेवर अंगठ्याने दाबून रगडलं तर ती सुजू शकते, आणि आत गुठळी असेल तर ती सुटून पुढे सरकण्याची भीती असते. तळहाताने, पावलाकडून मांडीकडे, हलका हात फिरवला तर सुनेला बरंच वाटेल. कातडी कोरडी पडून खाज सुटते, त्यालाही खोबरेल तेल चांगलं. एक पाय जास्त सुजलेला किंवा दुखरा असेल तर त्याला हातच लावायचा नाही.

गरम पाण्याने शिरा आणखी पसरतात. पाय बुडवायचे तर साध्या पाण्यात बुडवा, किंवा अंघोळीच्या शेवटी गुडघ्याखाली गार पाणी सोडा.

मीठ बंद करायचीही गरज नाही. लोणचं, पापड आवरा, एवढं पुरे. जेवणात पालेभाजी, मोडाची कडधान्यं, ज्वारी-नाचणीची भाकरी असू द्या. लोहाच्या गोळ्यांनी शौचाला खडा होतो, कुंथावं लागतं आणि ओटीपोटातल्या शिरांवर ताण येतो. मूळव्याधही त्यातूनच उठते. पाणी दिवसाला अडीच ते तीन लिटर, आणि गरज वाटली तर रात्री चमचा-दोन चमचे इसबगोल पेलाभर पाण्यातून. गोळ्या बंद करू नका.

प्रश्न : पायाला सूज तर सगळ्यांनाच येते. घाबरून दवाखाना कधी गाठायचा?

उत्तर : चिकोडीहून आलेला हा प्रश्न या अंकातला सर्वांत महत्त्वाचा आहे. दोन्ही पावलांना संध्याकाळी सूज येते, सकाळी उतरते, ती साधी. पुढच्या तीन गोष्टी साध्या नाहीत.

एकाच पायाला, बहुधा डाव्या, अचानक सूज आली, पोटरी किंवा मांडी दुखते, गरम लागते, लालसर दिसते, आणि रात्री पाय वर ठेवूनही उतरत नाही. ही आतल्या खोल शिरेत झालेली गुठळी असू शकते. गरोदरपणात तिचा धोका एरवीच्या चार ते पाच पट असतो. बाळंतपणावेळी रक्तस्राव आटोक्यात राहावा म्हणून शरीर रक्त लवकर गोठेल अशी तयारी करत असतं, त्याची ही दुसरी बाजू. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा. पायाची डॉपलर सोनोग्राफी होते, ती बाळाला पूर्ण सुरक्षित आहे. गुठळी निघाली तर हेपारिनची इंजेक्शनं देतात. ती वारेतून बाळाकडे जात नाहीत. दम लागला, श्वास घेताना छातीत कळ आली, खोकल्यातून रक्त पडलं तर विचार करत बसू नका, १०८ ला फोन करा.

दुसरी गोष्ट, चेहरा आणि हात सुजणं, अंगठी न निघणं, डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा ठिपके, पोटाच्या वरच्या भागात दुखणं. हा शिरांचा नव्हे, रक्तदाबाचा आजार. दाब १४०/९० किंवा त्याहून जास्त निघाला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे.

तिसरी, वरवरची एखादी शीर टणक, लाल, हात लावू न देणारी होणं. ही बहुतेक वेळा वरच्या शिरेची सूज असते, पण लाली जांघेकडे सरकत असेल तर गुठळी खोल शिरेत उतरू शकते. एका दिवसाच्या आत दाखवा.

गावातल्या केंद्रात डॉक्टर रोज भेटत नसतील तर दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी असते. साध्या शिरांसाठी तो दिवस चांगला, सोबत तायी कार्ड (गरोदरपणाच्या नोंदींचं सरकारी कार्ड) न्या. एका पायाच्या सुजेसाठी मात्र ९ तारखेची वाट पाहू नका.

प्रश्न : विचारायला संकोच वाटतो. सहावा महिना आहे, लघवीच्या जागी एका बाजूला मऊ, फुगीर शिरा लागतात. उभं राहिलं की सगळं खाली ओढल्यासारखं होतं. नॉर्मल बाळंतपण होईल ना?

उत्तर : होईल. ताण पडला तरी या शिरा सहसा फुटत नाहीत, आणि केवळ त्यांच्यासाठी सिझेरियन करावं लागत नाही. बाळंतपणानंतर दीड महिन्याच्या आत त्या बहुतेक वेळा विरून जातात. तुम्ही विचारलंत हे फार चांगलं झालं, कारण पुष्कळ जणी हे सोसतात आणि डॉक्टरांनाही सांगत नाहीत. प्रसूती करणाऱ्यांना आधीच माहीत असलं तर टाके-छेद देताना ते ती जागा टाळतात.

आरामासाठी घट्ट बसणारी सुती चड्डी आणि तिच्यात जाड पॅड, म्हणजे त्या जागेला खालून आधार मिळतो. गरोदरपणातला पोटाचा पट्टाही भार उचलून धरतो. कापडात गुंडाळलेला बर्फ १० मिनिटं लावा, थेट नको. उकिडवं बसून धुणं-भांडी करणं थांबवा, स्टूल घ्या. डाव्या कुशीवर, कमरेखाली उशी घेऊन पडल्यावर दहा मिनिटांत फरक जाणवतो. जागा टणक, लाल आणि फार दुखरी झाली तर दाखवा.

प्रश्न : रोपलावणीचे दिवस आलेत. चिखलात उभं राहिल्याने शिरा वाढतात का?

उत्तर : चिखलाने वाढत नाहीत. तासन्‌तास ओणवं उभं राहण्याने पाय आणि कंबर दोन्ही दुखतात. खरा धोका जखमेचा. फुगलेल्या शिरेवरची कातडी पातळ झालेली असते. धसकट लागलं, जळू चिकटली, खाजवलं की रक्त लागतं आणि चिखलातून जंतू आत जातात. गुडघ्यापर्यंतचे गमबूट घाला, घरी येताच पाय धुऊन कोरडे करा.

शीर फुटली तर रक्त भळभळ येतं, घाबरायला होतं, पण थांबवणं सोपं आहे. तिथल्या तिथे आडवं पडा, पाय बांधावर किंवा कुणाच्या खांद्यावर उंच धरा, स्वच्छ फडक्याची घडी जखमेवर दाबून धरा. पूर्ण १० मिनिटं, मध्ये उचलून बघायचं नाही. वरच्या बाजूला दोरी आवळू नका, नीला आवळली की रक्त वाढतं. थांबल्यावर पट्टी बांधून डॉक्टरांकडे जा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का ते कार्डावर पाहा.

प्रश्न : पत्नीला सातव्या महिन्यात पुण्याहून बेळगावला माहेरी सोडायचं आहे. पायाला शिरा आहेत. बस की रेल्वे?

उत्तर : रेल्वे, खालचा बर्थ. साडेतीनशे किलोमीटरचा पल्ला आहे, आणि रेल्वेत उठून फिरता येतं, पाय लांब करता येतात. बस किंवा मोटारीने आणणार असाल तर दीड तासाला एकदा थांबून पाच मिनिटं चालवा. मोटारीतला सीटबेल्ट पोटाखालून आणि छातीवरून घ्यायचा. घरून निघतानाच मोजे घालू द्या. वाटेत लघवीची सोय नाही म्हणून बायका पाणी पीत नाहीत, आणि त्यानेच रक्त घट्ट होतं. थांबे आधी ठरवलेत तर ती निर्धास्त पाणी पिईल. आधी गुठळी झालेली असेल तर प्रवासाआधी डॉक्टरांना विचारा, इंजेक्शन लागू शकतं.

प्रश्न : रात्री पोटरीत गोळा येतो, तो शिरांमुळेच का?

उत्तर : दर वेळी नाही, शिरा नसलेल्यांनाही येतो. गुडघा सरळ ठेवून पायाची बोटं स्वतःकडे खेचा, मिनिटभर धरा. गोळा सुटल्यावरही एकच पोटरी दुसऱ्या दिवशी दुखत, सुजत राहिली तर वरची गुठळीची लक्षणं तपासा.

प्रश्न : बाळंतपणानंतर शिरा जातील का? ऑपरेशन कधी करावं?

उत्तर : तीन-चार महिन्यांत पुष्कळ उतरतात, काहींना सहा महिने, वर्षही लागतं. गरोदरपणात लेझर, शिरेत औषध टोचणं, शस्त्रक्रिया यांतलं काही करत नाहीत. पुष्कळशा शिरा आपोआप जाणार असतात, मग उगाच जोखीम कशाला? सहा महिन्यांनंतरही त्रास राहिला, घोट्याजवळ कातडी काळी पडू लागली तर डॉपलर करून ठरवावं. अंगावर पाजत असाल तर ते सांगा. लवकरच पुढचं मूल हवं असेल तर ऑपरेशनला थांबणं बरं, पुन्हा फुगण्याची शक्यता असते. शिरेसाठी गोळ्या किंवा मलम दुकानातून परस्पर घेऊ नका, आताही आणि पाजतानाही.

गुठळीचा धोका बाळंतपणानंतरचे सहा आठवडे सर्वांत जास्त असतो, सिझेरियननंतर अधिकच. नेमकी त्याच काळात आपल्याकडे बाळंतिणीला बाजेवरून उठू देत नाहीत, पाणी बेताने देतात, खाली शेगडी आणि पोटाला घट्ट पट्टा. बाळंतिणीला विश्रांती हवीच, कामाची सक्ती नकोच, पण नॉर्मल बाळंतपण झालं असेल तर त्याच दिवशी आणि सिझेरियननंतर २४ तासांच्या आत डॉक्टरांच्या सांगण्यानुसार तिला उठवून चालवा. नंतर रोज घरातल्या घरात तीन-चार फेऱ्या. तहानेप्रमाणे पाणी द्या, दूध येण्यालाही ते लागतं. पट्टा बांधायचा तर श्वास मोकळा राहील इतकाच, आणि शेक पाठी-कमरेला, पायांना नको. मोजे किमान हे सहा आठवडे चालू ठेवा. पाळणा लांबवण्यासाठी इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या या काळात घेऊ नयेत, गुठळी होऊन गेलेल्यांनी तर कधीच नाही. तांबी बसवता येते.